पाचचं रिव्हॉल्व्हर की दहाचं पिस्तूल?

आधीच सांगून टाकतो, अमेरिकेत एच-वन (नोकरीच्या) किंवा एफ-वन (शिक्षणाच्या) व्हिसावर असाल तर गन घेण्याबद्दलचं हे पुढचं नुसतं करमणूक म्हणून वाचा. इथल्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने गन तर सोडाच, नुसत्या गोळ्या जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. त्याला हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय स्वतःला लावून घेऊ नका, ग्रीन कार्डची रांग आधीच केवढी लांब, त्यात हे झेंगट कशाला ओढवून घ्यायचं. ग्रीन कार्ड हातात आलं की मग दुकानात जाऊन फॉर्म ४४७३ (गन विकत घेतानाचा सरकारी फॉर्म) भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो आणि गन मिळते. टेक्सासमध्ये तर १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला, बाकी काही कायदेशीर आडकाठी नसेल तर, लायसन्सशिवायसुद्धा हँडगन बाळगता येते. मी तरी एलटीसी (लायसन्स टू कॅरी, गन बाळगायचं टेक्सासचं लायसन्स) काढून ठेवलंय, एक तर ते बाकीच्या बऱ्याच राज्यांत चालतं आणि दुसरं म्हणजे त्या निमित्ताने क्लासला बसावं लागतं, रेंजवर परीक्षा द्यावी लागते, नाहीतर आपली माणसं युट्युब बघूनच तज्ज्ञ होतात.

तर प्रश्न असा. आमच्या डॅलसकडच्या मराठी मंडळींत आता ग्रीन कार्ड झालेली पोरं बरीच झालीत आणि माझ्याकडे गन आहे हे एकदा कळल्यावर दर कार्यक्रमात कोणीतरी जेवणाची प्लेट घेऊन हळूच शेजारी येऊन बसतो. "काका, कॅरी करायला पहिली गन घ्यायचीये, छोटं रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल? दुकानवाला म्हणतो रिव्हॉल्व्हर सोपं असतं." गन मुळात घ्यावी की नाही हा वेगळा वाद, तो आमच्याच घरात अजून मिटलेला नाही, तो इथे काढत नाही. घ्यायचं ठरलंच असेल तर काय घ्यावं, एवढंच लिहितो. (रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरणाऱ्या सिलिंडरमध्ये गोळ्या असतात ते, पिस्तूल म्हणजे मुठीतल्या मॅगझिनमध्ये गोळ्या असतात आणि वरची स्लाइड मागेपुढे होऊन पुढची गोळी भरते ते.)

माझं मत: एकच गन घेणार असाल तर छोटं नाइन एमएम पिस्तूल (नाइन एमएम, .३८, .३८०, .३२ ही सगळी गोळ्यांची मापं). छोटं रिव्हॉल्व्हर वाईट नाही, माझ्याकडे आहे, मला आवडतं. पण ते नवशिक्यासाठी नाही, आणि नेमकं नवशिक्यालाच ते विकलं जातं.

थोडं मागचं सांगतो म्हणजे हा वाद कुठून आला ते कळेल. स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये छोट्या फ्रेमवर पाच गोळ्यांचं .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर काढलं, पोलीस प्रमुखांच्या परिषदेत दाखवलं म्हणून त्याचं नाव चीफ्स स्पेशल. त्याच खानदानाला जे-फ्रेम म्हणतात. आज जे सगळ्यात जास्त दिसतं ते ६४२, ॲल्युमिनियमची फ्रेम, दोन इंचांपेक्षा जरा कमी नळी, घोडा (हॅमर) आतमध्ये लपवलेला म्हणजे कपड्यात अडकायला बाहेर काही नाही, आणि रिकामं असताना वजन साधारण ४१० ग्रॅम. पुढे २००९ मध्ये रुगरने एलसीआर काढलं, त्याची अर्धी बॉडी पॉलिमरची आणि चाप जरा मऊ. पण गोळ्या .३८ मध्ये त्याच पाच.

आता इतकी वर्षं हे रिव्हॉल्व्हर का टिकलं, तर तेवढ्या आकारात दुसरं धड काही नव्हतंच. छोटी पिस्तुलं होती ती .३८० ची वगैरे, नाइन एमएममध्ये ग्लॉकने २०१५ मध्ये ४३ आणलं त्यातही मॅगझिनमध्ये सहाच आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, एक. पाच आणि सातमध्ये काय मोठा फरक, असं म्हणत लोक जे-फ्रेमच वापरत राहिले, आणि ते बरोबरच होतं. मग जानेवारी २०१८ मध्ये सिग कंपनीने पी३६५ पिस्तूल आणलं. मॅगझिनमध्ये दहा, चेंबरमध्ये एक, जाडी एक इंच, वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास. त्यांनी मॅगझिनच असं बनवलं की गोळ्या खाली दोन रांगांत आणि वर एका रांगेत येतात, तेही ग्रिप फार जाड न करता. सुरुवातीच्या लॉटमध्ये स्ट्रायकर (गोळीवर आपटणारी आतली दांडी) तुटायच्या वगैरे तक्रारी आल्या, पण वर्षभरात सगळा बाजार त्यांच्या मागे पळायला लागला, २०१९ मध्ये स्प्रिंगफील्डचं हेलकॅट अकराचं, २०२१ मध्ये स्मिथचंच शील्ड प्लस. म्हणजे ज्या तडजोडीसाठी आपण पाच गोळ्यांवर राहत होतो ती तडजोडच संपली. उलट जाडीत बघितलं तर रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर सव्वा इंचाच्या वर जातं, पिस्तूल पट्ट्याला जास्त चपटं बसतं.

ही झाली कागदावरची गोष्ट. खरा फरक हातात घेतल्यावर कळतो.

बायकोला मी पहिल्यांदा रेंजवर घेऊन गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने तिच्याकडे एक नजर टाकली आणि काहीही न विचारता गुलाबी मुठीचं छोटं रिव्हॉल्व्हर काचेवर ठेवलं. म्हणाला, नेम धरा आणि चाप ओढा, बस, सेफ्टी नाही, मॅगझिन नाही, काही लक्षात ठेवायचं नाही. खरं होतं त्याचं, चालवायला सोपंच आहे. पण या अशा हॅमरलेस रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला साधारण १२ पाउंड जोर लागतो, म्हणजे साडेपाच किलो, आणि वस्तूचं वजन अर्धा किलोसुद्धा नाही. मी तिच्या बाजूला उभा राहून बघत होतो, चाप अर्ध्यावर आला की तिचा आख्खा पंजा आवळायचा, नळीचं टोक खाली डावीकडे झुकायचं आणि मग बार. सात यार्डांवरचा कागद, पहिल्या पाचांतल्या दोन तर माणसाच्या आकृतीला लागल्याच नाहीत. वर नेम धरायला काय, तर वरच्या पट्टीत एक खाच आणि पुढे त्याच रंगाचा छोटासा उंचवटा, रेंजच्या पिवळ्या उजेडात तो दिसतसुद्धा नाही. आणि झटका असा बसतो की अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा लाल होते. दोन सिलिंडर झाले, तिने गन खाली ठेवली आणि म्हणाली, "मला नाही जमणार हे, चल."

मग शेजारच्या लेनवरच्या एका आजोबांनी, अमेरिकन, टोपी घातलेले, आपलं पी३६५ तिला वापरायला दिलं. स्लाइड तिला आधी ओढता येईना. त्यांनी दाखवलं की स्लाइड ओढायचीच नाही, डाव्या तळव्याने वरून घट्ट धरायची आणि उजव्या हाताने गन पुढे ढकलायची. झालं! आणि चाप तिथे सहा पाउंडांच्या आसपास, समोर ठळक ठिपके, तर त्याच कागदावर तिच्या गोळ्या बशीएवढ्या जागेत यायला लागल्या. तीच बाई, तोच दिवस. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत "सोपं" म्हणजे चालवायला सोपं, नेम लागायला नाही, हे कोणी काउंटरवर सांगत नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडेही हेच झालं होतं. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून निर्भीक नावाचं .३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि देतात कसं तर दागिन्याच्या डब्यासारख्या मरून पेटीत. बाई म्हटली की छोटं, हलकं, नाजूक दिसणारं रिव्हॉल्व्हर, कानपूर काय आणि टेक्सास काय, विकणाऱ्याचं डोकं एकच. गन जितकी हलकी तितका झटका जास्त, हे साधं फिजिक्स आहे हो. (भारतात बाकी सामान्य माणसाला नाइन एमएम आणि .३८ मिळतच नाही, ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणून सगळं .३२ वर येऊन थांबतं. आणि गावाकडे तर अजून बारा बोअरच, तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा.)

बरं, ज्यांच्या बोटांत खरंच ताकद नाही, संधिवात आहे, त्यांना स्लाइड जमत नाही म्हणून रिव्हॉल्व्हर द्यायचं तर त्यांना तो १२ पाउंडांचा चाप तरी कसा जमणार, हा विचार कोणी करत नाही. त्यांच्यासाठी मऊ स्लाइडची पिस्तुलं निघालीत, स्मिथचंच शील्ड ईझी आहे, ते २०१८ मध्ये .३८० मध्ये आलं. आकाराने थोडं मोठं आहे, पण वापरता तर येतं.

आता गोळ्यांचा हिशोब. रिव्हॉल्व्हरवाले म्हणतात तीन यार्ड, तीन सेकंद, तीन गोळ्या, एवढ्यात सगळं संपतं, मग दहा कशाला. पिस्तूलवाले लगेच ग्रीनवूडचं उदाहरण काढतात. इंडियाना, जुलै २०२२, मॉलच्या फूड कोर्टात एकाने रायफलने गोळीबार सुरू केला आणि तिथे आलेल्या एका २२ वर्षांच्या पोराने आपल्या पिस्तुलाने साधारण ४० यार्डांवरून दहा गोळ्या झाडल्या, त्यातल्या आठ लागल्या आणि तो प्रकार तिथेच थांबला. पाच गोळ्यांच्या जे-फ्रेमने ४० यार्डांवर हे करून दाखवणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. पण मला विचाराल तर दोन्ही बाजू टोकाची गोष्ट सांगतायत. मॉलमधला हल्ला तुमच्या-माझ्या वाट्याला यायची शक्यता नगण्य, त्यावरून गन ठरवण्यात अर्थ नाही.

मला पटतो तो वेगळाच आकडा. रँड या संस्थेने २००८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास केला होता, त्यात १९९८ ते २००६ मध्ये जिथे समोरूनही गोळ्या येत होत्या तिथे पोलिसांच्या १८ टक्केच गोळ्या लागल्या असं निघालं. म्हणजे पाचातली एकसुद्धा धड नाही. आणि हे पगारी, ट्रेनिंग झालेले पोलीस. त्यात आणखी एक गोष्ट अशी की त्यांच्या पिस्तुलांना चुकून गोळी सुटू नये म्हणून मुद्दाम १२ पाउंडांच्या आसपासचे चाप बसवलेले, म्हणजे आपल्या जे-फ्रेमइतकेच. जड चाप आणि घाबरलेला माणूस, मग काय होणार. म्हणून जास्तीच्या गोळ्या ह्या हिरोगिरीसाठी नसून चुकलेल्या नेमासाठी आहेत, असं मी समजतो. पण थांबा, चुकलेली गोळी हवेत विरत नाही, ती कोणाच्या तरी भिंतीतून आत जाते आणि तिची जबाबदारी तुमची, कोर्टात वकील तेच विचारणार. तेव्हा दहा आहेत म्हणून दहा झाडायच्या असं नाही. पाचवाल्याला निदान हे आपोआप कळतं.

पाच संपल्यावर काय, तर स्पीडलोडर (पाचही गोळ्या एकदम सिलिंडरमध्ये भरायचं गोल साधन) असतो, नाहीतर रबराची पट्टी असते त्यात गोळ्या खोचलेल्या. रेंजवर शांतपणे जमतं. हात थरथरत असताना ते म्हणजे धावत्या गाडीत सुईत दोरा ओवणं. मॅगझिन बदलणं त्यामानाने काहीच नाही. अर्थात रोज जादाचं मॅगझिन घेऊन फिरणारा मला अजून कोणी भेटलेला नाही, म्हणतात सगळे.

मग मी माझं ६४२ विकलं का नाही? कारण खिसा. बाकी सगळ्यात पिस्तूल पुढे असेल पण पँटच्या पुढच्या खिशातून काढायला या रिव्हॉल्व्हरसारखं दुसरं काही नाही. मूठ गोल असते, बोटं आपोआप बरोबर जागी जातात, पिस्तुलाची चौकोनी मागची बाजू खिशाच्या शिवणीत अडकते. आणि मुख्य म्हणजे रात्री पार्किंगमध्ये कोणी विनाकारण जवळ यायला लागला तर खिशात हात घालून नुसतं उभं राहता येतं, हात मुठीवर असतो आणि समोरच्याला काही दिसत नाही, आणि तो बिचारा रस्ता विचारायला आला असेल (बहुतेक वेळा तोच येतो) तर आपणही हसून रस्ता सांगतो, कोणाला काही कळत नाही. कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवून असं उभं राहता येत नाही, ते धमकावल्यासारखं होतं.

अगदी अंगाला अंग लागलं तरी रिव्हॉल्व्हर चालतं, पिस्तूल समोरच्याच्या अंगाला दाबलं गेलं तर स्लाइड मागे सरकू शकते आणि मग गोळी सुटतच नाही. जॅकेटच्या खिशातून बाहेर न काढता पाचही गोळ्या झाडता येतात, पिस्तुलाची स्लाइड पहिल्याच गोळीनंतर कापडात अडकायची शक्यता जास्त. एखादं काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढायचा, पुढचं आपोआप समोर येतं. मनगट सैल पडलं म्हणून ते अडकत नाही, छोटी पिस्तुलं त्यासाठी अडून बसतात.

पण "रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही" हे जे छातीठोकपणे सांगतात ना, त्यांनी फार वापरलेलं नसतं. न जळलेल्या दारूचा एक कण एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली गेला की सिलिंडर नीट बंद होत नाही किंवा फिरत नाही. इजेक्टरचा दांडा सैल होऊन बाहेर यायला लागतो आणि सिलिंडर उघडतच नाही. फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर झटक्यानेच बाकीच्या काडतुसांतली शिसं हळूहळू पुढे सरकतात आणि सिलिंडर जाम करतात, विशेषतः .३५७ वापरलं तर. पिस्तूल अडकलं तर मॅगझिनला खालून थाप मारायची, स्लाइड ओढायची, सुटतं. रिव्हॉल्व्हर अडकलं की ते घरी नेऊन टेबलावर ठेवायचं. अडकतं कमी, हे खरं.

६४२ घ्यायचंच असेल तर एक करा, भारी प्लस-पी (जास्त दाबाच्या) गोळ्यांच्या मागे लागू नका, सरावाला १४८ ग्रेनच्या वॉडकटर घ्या, सपाट तोंडाच्या, झटका जवळजवळ निम्मा वाटतो आणि हातही दुखत नाही. आणि रोज घरी गन रिकामी करून, दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून नुसता चाप ओढायचा सराव करा. पुढच्या उंचवट्यावर एक नाणं ठेवायचं, चाप ओढताना पडलं नाही पाहिजे. हे जमायला लागलं की मग कळतं की या गनमध्ये अचूकपणा ठासून भरलाय, कमी आहे ती आपल्या बोटात. पण हे सगळं करायला तयार असलेला माणूस मुळात "काका सोपी गन सांगा" असं विचारतच नाही.

खिसा असो वा कंबर, होल्स्टर पाहिजेच. चाप पूर्ण झाकणारं. खिशात गन असेल तर त्या खिशात दुसरं काही नको, किल्ली नाही, रुमाल नाही, काही नाही. पट्ट्यासाठी कायडेक्सचं (कडक प्लॅस्टिकचं) घ्या, आणि पट्टासुद्धा जाड घ्या, बारीक पट्ट्यावर पी३६५ सुद्धा लोंबकळतं. टेक्सासच्या उन्हाळ्यात शॉर्ट्स आणि टी-शर्टमध्ये फिरताना खिशातलं ६४२ बरं पडतं, बाकी दिवस माझ्या कमरेला पिस्तूल. दोन वेगळ्या चापांची सवय ठेवू नये असं सांगणारे आहेत, त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, म्हणून नवीन माणसाला मी दुसरी गन सुचवतच नाही.

आणि झब्ब्याखाली पिस्तूल मस्त लपतं म्हणून गणपतीला घालून याल तर थांबा. आपले निम्मे कार्यक्रम शाळेच्या ऑडिटोरियममध्ये असतात आणि शाळेच्या इमारतीत गन न्यायला सक्त मनाई आहे, एलटीसी असलं तरी. ५१ टक्क्यांचा (निम्म्याहून जास्त कमाई दारूतून होते असं सांगणारा) लाल बोर्ड असलेल्या बारमध्ये नाही, पोस्टात नाही, दारावर ३०.०६ ची (एलटीसीवाल्यांनाही लपवलेली गन आत आणायला मनाई करणारी) पाटी असेल तिथे नाही. गाडीत ठेवायची तर केबलने बांधलेल्या लोखंडी पेटीत, सीटखाली किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये नाही, चोराला ते पहिलं माहीत असतं. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियावाल्यांनो, तुमच्याकडे दहाच्या वरच्या मॅगझिनला बंदी आहे, कोर्टकचेऱ्या चालू असतात, त्यामुळे घेण्याआधी ताजे नियम बघा. पी३६५ चं मूळ दहाचं मॅगझिन त्या मर्यादेतही बसतं.

घेण्याआधी रेंजवर दोन्ही भाड्याने घ्या आणि दोन्हींतून पन्नास-पन्नास गोळ्या झाडा. बायको वापरणार असेल तर तिने झाडायच्या, तुम्ही तिच्या वतीने ठरवायचं नाही.

ता. क. भारतात जाताना रेंजची बॅग केबिन बॅग म्हणून वापरू नका. कुठल्यातरी चोरकप्प्यात एक काडतूस राहिलेलं असतं, आणि मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर एका जिवंत काडतुसावर आर्म्स ॲक्टखाली केस होते, अमेरिकन पासपोर्ट दाखवून सुटका होत नाही. मी रेंजसाठी वेगळी बॅग ठेवलीय, ती गॅरेजच्या बाहेर जातच नाही.